जवारीचा दोरा

अब्बांच्या कानात 'निवांत' बसवणारी मीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष यंत्रावर ढकलून मोकळं व्हायची सोय मला नाही.

तो अकरावा दिवस होता. सकाळी साडेदहाला डॉक्टर कोठावळे बाईंनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला, अल्ताफला, आयसीयूच्या काचेबाहेर गाठलं.

"आज चार वाजता तिसरी चाचणी," त्या म्हणाल्या. "अर्धा तास स्वतःच्या दमावर श्वास घेतला, तर उद्या तोंडातली नळी काढू. नाही घेतला, तर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल. पंचाहत्तर वय, त्यात न्यूमोनियानं पोखरलेली फुप्फुसं. मग ते व्हेंटिलेटरवरून कधी सुटतील, सुटतील की नाही, हे मला सांगता येणार नाही."

"आधी दोनदा काय चुकलं?" अल्ताफने विचारलं.

"काहीच चुकलं नाही, तीच तर अडचण आहे. दम लागत नाही, घाम येत नाही, धडपड नाही. आम्ही यंत्राचा जोर काढला की ते शांत पडून राहतात. कुणीतरी श्वास देईल म्हणून वाट बघत."

एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. अल्ताफ काचेला कपाळ टेकवून उभा राहिला. मी मात्र त्यांच्या शेवटच्या शब्दांशी अडकले. वाट बघत. श्वासाची वाट बघायला त्यांना कुणी शिकवलं?

आमच्या मिरजेत दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात, दवाखाने आणि तंबोरे. आमच्या घरात दोन्ही नांदतात. अब्बा म्हणजे दस्तगीर शिकलगार, तंबोरे करणारे. मी शाहीन, याच दवाखान्यात ध्वनितंत्रज्ञ. अल्ताफ कारखान्यात भोपळे कापतो, दांड्या जोडतो, नक्षी काढतो. पण तंबोऱ्यावर शेवटचा हात अब्बांचा. तो म्हणजे जवारी.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची घोडी असते आणि तिच्यावरून चार तारा जातात. घोडीचा माथा इतक्या हलक्या उताराने घासलेला असतो, की तार थरथरताना त्याला चाटून जाते आणि तिचा आवाज फुलत राहतो. ही जवारी. शेवटी प्रत्येक तारेखाली कापसाच्या दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. कुठल्यातरी एकाच जागी तार उघडते. ती जागा अब्बांना सापडायची. बाकीच्यांना आपल्याला सापडली असं वाटायचं.

दोरा न लागलेल्या तंबोऱ्याच्या तारांत कापडाची पट्टी कोंबून ठेवायची, हा आमच्या कारखान्याचा कायदा. कारण असला बंद आवाज कानावर पडला की अब्बांना बसवत नसे. जेवता जेवता उठून, हात धुऊन दोरा लावायला बसायचे. अल्ताफच्या लग्नात कुणा पाहुण्याने कौतुकाने कच्चा तंबोरा छेडला, तर नवऱ्या मुलाचे वडील काझींसमोरून उठून आत गेले. वीस मिनिटं निकाह खोळंबला. अम्मीने मरेपर्यंत ते त्यांना ऐकवलं.

हे काम त्यांनी अल्ताफला शिकवायला घेतलं होतं. त्याचं लक्ष नसायचं. मी दारात उभी राहून बघायचे, माझं लक्ष असायचं. पण मला ते "तुला कशाला?" एवढंच म्हणाले. मी ध्वनिशास्त्र शिकायला गेले, त्याच्या मागे हे "तुला कशाला" होतं. आज मी चौतीस वर्षांची आहे आणि अजूनही ते मला लागतं.

आता निवांतबद्दल. आयसीयूतला माणूस आजाराने जितका बेजार होतो, तितकाच आवाजाने होतो. चोवीस तास भोंगे, टिकटिक, पायरव, आणि घशात नळी. व्हेंटिलेटर आपल्या तालात हवा ढकलत असतो, माणसाचं शरीर आपल्या तालात श्वास ओढू बघतं, आणि दोघांची झटापट होते. पूर्वी त्यावर एकच इलाज होता, गुंगीचं औषध. त्याने झटापट थांबायची, पण माणूस भ्रमिष्ट व्हायचा, स्नायू सुकायचे.

निवांत आलं आणि हे पालटलं. कानात बसणारी दोन बोंडं. ती कानातूनच मेंदूच्या लहरी आणि नाडी टिपतात. घरच्यांकडून आवडीनिवडीचा तक्ता भरून घ्यायचा. त्यातून यंत्र त्या एका माणसासाठी संगीत रचतं, आणि शरीर काय म्हणतं ते बघत दर क्षणाला बदलतं. शून्य ते शंभर असा एक अस्वस्थतेचा आकडा पडद्यावर दिसतो. ज्या आवाजाने तो चाळीसच्या वर जाईल, तो 'टाळा'च्या यादीत जातो आणि पुन्हा कधी वाजत नाही. शिवाय निवांत व्हेंटिलेटरला जोडलेलं असतं. सूर चढतो तेव्हा हवा आत, उतरतो तेव्हा बाहेर. चार तासांत शरीर त्या सुराबरोबर चालायला लागतं आणि झटापट संपते. गुंगीचं औषध पाव हिश्श्यावर आलं. मी चारशेहून जास्त माणसांना हे बसवलंय. रात्रंदिवस तळमळणाऱ्या माणसांचे चेहरे पंधरा मिनिटांत सैल पडताना बघितलेत. त्याचं मोल मी आजही कमी समजत नाही.

अब्बांना दाखल केलं त्या दिवशी पहिला आवाज मी अर्थातच तंबोऱ्याचा दिला. आकडा थेट एक्याऐंशीवर गेला. निवांतने तंबोरा 'टाळा'त टाकला. मी थक्कच झाले.

"आपा, पन्नास वर्षं तेच ऐकून विटले असतील," अल्ताफ म्हणाला होता. आम्ही आपसात दखनी बोलतो; इथं मराठीत सांगतेय.

मग निवांतने स्वतःच एक संथ गुणगुण रचली. बाईचा आवाज वाटावा अशी, पण बाईची नव्हे. आकडा सहावर आला आणि अकरा दिवस तिथंच राहिला. आमच्या विभागात एवढा खालचा आकडा कुणाचाच नव्हता. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

आता त्या अभिमानाचीच मला भीती वाटायला लागली. सूर चढला की श्वास येतो, हे अब्बांचं शरीर अकरा दिवस शिकत होतं. मग चाचणीत सूर चालू असताना ते यंत्राच्या हवेची वाट बघणार नाहीत तर काय करणार? आणि श्वासाचा स्नायू वापरला नाही की रोज थोडा सुकतो. आम्ही त्यांना इतकं सुखात ठेवलं होतं, की श्वास घ्यायचं कारणच ठेवलं नव्हतं.

मी माझ्या खोलीत येऊन पहिल्या दिवसाची नोंद उघडली. निवांत सरासरी दाखवतं. मी सेकंदासेकंदाची रेघ मागवली. ती सरळ वर चढलेली नव्हती. करवतीसारखे दाते होते. ध्वनीशी ताडून बघितलं तर दर चौथ्या तारेला, खर्जाला, एक उंच दाता. दुखलं असतं तर आकडा चढूनच राहिला असता. हा चढत होता, उतरत होता, पुन्हा चौथ्या तारेला चढत होता.

एस्तेर सिस्टर त्या दिवशी अब्बांजवळ होत्या. तीस वर्षं आयसीयूत काढलेली बाई. त्यांना जाऊन विचारलं, "सिस्टर, तंबोरा लावला तेव्हा अब्बांना फार त्रास झाला का हो?"

"तरास?" त्या सलाइनची बाटली बदलत होत्या. "मला तर न्हाई वाटला. तरास झाला की माणूस तोंड वाकडं करतंय, पाय झाडतंय. ह्यांनी तसलं काय केलं न्हाई. डोळं मिटलेलं, कपाळाला आठी, आणि ह्या हातानं सारखं असं." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून चिमूट फिरवली. "सुईत दोरा ओवाय लागल्यागत. मी म्हणलं, शिंपीकाम करत्यात का काय पाव्हणं?"

ती चिमूट मी लहानपणापासून बघत आलेय. अब्बांना त्रास होत नव्हता. अब्बा कामाला लागले होते.

आणि काम काय होतं, तेही मला तत्क्षणी कळलं. तो आवाज मी फोनमधून दिला होता. पंधरा वर्षांपूर्वीचा. अब्बा भोपळे आणायला मंगळवेढ्याला गेलेले असताना मी एका कच्च्या तंबोऱ्याची पट्टी काढली, दोरे स्वतः लावले आणि आवाज टिपून ठेवला. अब्बा यायच्या आत दोरे काढून पट्टी परत कोंबली. कुणाला कधी सांगितलं नाही. कारखान्यातल्या शंभर उत्तम तंबोऱ्यांपैकी एखादा टिपून आणायला अर्धा तास लागला असता, पण मी तो फोनमधलाच दिला. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला अब्बांना माझी जवारी ऐकवायची होती. 'नको' म्हणायला ते उठू शकत नव्हते, म्हणून.

मी तो आवाज पुन्हा ऐकला. पंधरा वर्षं मला तो सुरेख वाटत आला होता. आता दर चौथ्या तारेकडे कान दिला. खर्ज ठार बंद होता. पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा तसा.

डॉक्टर कोठावळे बाईंना मी सगळं सांगितलं. "यंत्राला दुखणं आणि काम यातला फरक कळत नाही, मॅडम. दोन्हीत नाडी वाढते, दोन्हीत मेंदू जागा होतो. आज चार वाजता मला निवांतचा आवाज बंद करायचाय आणि त्यांच्या उशाशी खराखुरा तंबोरा वाजवायचाय. दोरा न लावलेला."

"म्हणजे मुद्दाम त्रास द्यायचा."

"हो."

"चौथ्या दिवशी त्यांच्या हृदयाची लय बिघडली होती. विसरलात?"

"नाही विसरले."

त्यांनी केसपेपर उघडून चौथ्या दिवसाची नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "नाडी एकशेतीसवर गेली की मी थांबवणार. वीस सेकंद श्वास आला नाही तर व्हेंटिलेटर आपणहून एक श्वास देईल. असं तीनदा झालं की चाचणी संपली, तंबोरा असो नाहीतर आणखी काही. आणि तुम्हा दोघा भावंडांची सही हवी. एकाची चालणार नाही."

अल्ताफ कँटीनच्या बाकावर चहा गार करत बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको, आपा. जन्मात हा माणूस कधी निवांत बसला नाही. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळाची आठी गेलीय. बसू दे की."

"ते बसलेले नाहीत, अल्ताफ. अडकलेत."

"आणि हृदय बंद पडलं तर? मरताना अब्बांच्या कानात बंद तंबोरा! तू सहन करशील? जन्मभर?"

"नाही करणार," मी म्हटलं. खोटं बोलायला तोंडच नव्हतं. "पण त्यांनी पुन्हा कधी डोळे उघडलेच नाहीत आणि पडद्यावर सहाचा आकडा शांत राहिला, तर तेही नाही सहन करणार."

मग मी हात पुढे करून त्याच्यासमोर चिमूट फिरवली. "पहिल्या दिवशी तंबोरा ऐकताना ते असं करत होते. सिस्टरनी बघितलंय."

अल्ताफ त्या चिमटीकडे बघत राहिला. त्याची सगळी जवानी तिच्यासमोर बोलणी खाण्यात गेली होती. त्याचे डोळे भरून आले. बाहीने तोंड पुसत तो उठला. "खिडकीजवळचा आणतो. घोडी घासून झालीय, दोरा लावायचा राहिलाय. त्याच सकाळी ताप चढला त्यांना."

साडेतीनला तो तंबोरा घेऊन आला आणि दारातच अडला. एस्तेर सिस्टर कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली घेऊन उभ्या.

"सिस्टर, लाखेचं पॉलिश आहे! स्पिरिटनं सगळं उतरतंय!"

"मग काय जंतूंना पाव्हणचार करू? हितं आठ पेशंट हाईत माझं."

त्यांनी भोपळा, दांडी, खुंट्या, सगळं पुसलं. प्रत्येक बोळा तपकिरी होऊन निघाला. दोन महिन्यांचं काम होतं ते. अल्ताफ दात आवळून बघत होता, शेवटी म्हणाला, "असू दे. पुन्हा करू."

बरोबर चार वाजता डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचा जोर काढला. मी निवांतचा आवाज बंद केला, मोजमाप चालू ठेवलं. बोंडांतून बाहेरचं ऐकू येतं. अब्बांचं गुंगीचं औषध सकाळपासून थांबवलेलंच होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कानात गुणगुण नव्हती.

पाच सेकंद. दहा. छाती हलेना. चेहरा इतका शांत, की मला तो बघवेना. पंधरा. वीस. व्हेंटिलेटरने फुस्सकन एक श्वास दिला.

"एक," डॉक्टर म्हणाल्या.

मी स्टुलावर बसले, तंबोरा मांडीवर घेतला, तारांतली पट्टी ओढून काढली आणि छेडला. काय तो आवाज! चार तारा, चारही मुक्या. पडद्यावरचा आकडा सहावरून एकतीस झाला. पुन्हा छेडला. अठ्ठावन्न. अब्बांच्या दोन भुवयांच्या मध्ये आठी पडली. चादरीवरचा उजवा हात हलला, अंगठा बोटाला लागला आणि चिमूट फिरायला लागली. आणि छाती वर आली. यंत्राने दिलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा श्वास.

"घेतला," एस्तेर सिस्टर पुटपुटल्या. "देवा, घेतला."

मी छेडत राहिले. दोन, तीन, पाच श्वास. आणि अचानक छाती थांबली. आकडा चौऱ्याहत्तर, नाडी एकशेआठ, आणि श्वास नाही. दहा सेकंद. पंधरा. मी आणखी जोरात छेडलं. वीस. फुस्स.

"दोन. शाहीन, आता एकच उरला."

"आपा, हात ठेव!" अल्ताफ ओरडला. "तारांवर हात ठेव! अब्बा ऐकताना दम धरतात! तार वाजते तोवर श्वास घेत नाहीत, गप्प झाली की सोडतात!"

मी तळहाताने तारा दाबल्या. खोलीत शांतता झाली, आणि अब्बांनी भलामोठा श्वास सोडला, मग एक घेतला. मी दारातून बघत होते ते त्यांच्या हातांकडे. श्वासाकडे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. अल्ताफ मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या समोर बसत आला होता.

मग आमची लय बसली. छेडायचं, दाबायचं, श्वास. छेडायचं, दाबायचं, श्वास. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पण नाडी चढत होती. एकशेचौदा. एकशेवीस. कपाळावर घाम. कारखान्यात एव्हाना ते उठून आले असते आणि माझ्या हातून तंबोरा हिसकावला असता. इथं त्यांना उठता येत नव्हतं आणि कुणी दुरुस्तही करत नव्हतं.

"एकशेसव्वीस," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा हात व्हेंटिलेटरच्या खटक्यावर गेला.

"दोरा लावावा लागेल," मी म्हटलं. "अल्ताफ, लाव."

त्याने खिशातून कापसाचा दोरा काढून माझ्या हातात ठेवला. "मला येत नाही. मी लावलेला प्रत्येक दोरा अब्बांनी काढून पुन्हा लावलाय, तुला माहितीये. तू लाव."

पहिल्या, पंचमाच्या तारेखाली तुकडा सरकवला, छेडली, दाबली. नाडी एकशेसत्तावीस. केसभर पुढे ढकलला. एकशेअठ्ठावीस. म्हणजे उलटं जातंय. मागे घेतला. एकशेचोवीस. आणखी मागे. तार किंचित खुलली आणि एकशेएकोणीस झाली. जे त्यांनी मला जन्मात शिकवलं नाही, ते त्यांचं हृदय आता पडद्यावर आकड्यांत सांगत होतं. मधल्या दोन्ही तारा लावल्या. एकशेआठ. श्वास खोल यायला लागले. बावीस मिनिटं झाली होती.

उरला खर्ज. माझा पंधरा वर्षांचा वैरी. पुढे सरकवला, डबा वाजला. मागे घेतला, तरी डबाच. अब्बांची चिमूट अधीर झाली होती. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं, डोळे मिटले आणि दोरा इतका हळू ओढला की हलतोय की नाही तेही कळेना. आणि खर्ज उघडला. ती पितळेची जाड तार अशी काही भरून वाजली, की पलीकडच्या बेडजवळची नर्ससुद्धा वळून बघायला लागली. मी दाबायची विसरले. चारही तारा एकामागून एक छेडत राहिले. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. मला आलं होतं. मला आलं होतं!

आकडा उतरला. तीस. अठरा. नऊ. कपाळावरची आठी गेली. चिमूट सुटली, हात चादरीवर उघडा पडला. सगळं जागच्या जागी लागलं होतं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि छाती थांबली.

मी तारा दाबल्या. श्वास आला नाही. दहा. बारा. तोच शांत चेहरा, अकरा दिवसांचा. पंधरा.

"शाहीन," डॉक्टर म्हणाल्या.

काय करायला हवं ते मला कळत होतं आणि ते करवत नव्हतं. सतरा. मी अंगठ्याचं नख घातलं आणि खर्जाखालचा दोरा पार बाहेर ढकलून दिला. तार छेडली. ठण्ण. डबा.

अब्बांची आठी परत आली. चिमूट वळली. एकोणिसाव्या सेकंदाला छाती वर आली.

उरलेली मिनिटं मी तोच एक मुका खर्ज वाजवत राहिले, रडत. साडेचार वाजले तेव्हा नाडी एकशेअकरा होती आणि अब्बा स्वतःच्या दमावर श्वास घेत होते, वैतागलेले. डॉक्टर कोठावळे बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी नळी काढू."

निवांतच्या नोंदीत त्या दिवसापुढे आजही लाल शेरा आहे: सांत्वन अयशस्वी, सरासरी अस्वस्थता त्रेसष्ट. मी तो खोडलेला नाही. मात्र घरच्यांकडून भरून घ्यायच्या तक्त्यात मी एक प्रश्न वाढवलाय. काय ऐकलं की तुमच्या माणसाला उठून बसावंसं वाटतं? लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग भराभर लिहितात. एका मुख्याध्यापकांच्या बायकोने लिहिलं, शिक्षक नसलेल्या वर्गाचा गोंगाट. एका सुनेने सासूबाईंसाठी लिहिलं, दूध उतू जातानाचा आवाज. यंत्र ते सगळं 'टाळा'त टाकतं. चाचणीच्या दिवशी मी तिथूनच काढते.

त्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अब्बांची नळी निघाली. अब्बा खूप खोकले. एस्तेर सिस्टरनी ओठांना ओलं बोट लावलं. अल्ताफ पायाशी उभा, मी उशाशी. तंबोरा कोपऱ्यात भिंतीला टेकलेला, पॉलिश गेलेला, ओकाबोका.

त्यांनी आधी अल्ताफकडे बघितलं, मग तंबोऱ्याकडे, मग माझ्याकडे. आवाज म्हणजे नुसती खरखर होती. मी कान जवळ नेला.

"कुणी लावला?"

"मी, अब्बा."

ते थांबले. एकेका शब्दासाठी दम गोळा करावा लागत होता. "खर्ज... लागला होता."

मी नुसती मान हलवली.

"मग मोडलास का?"

श्वास, यंत्र, वीस सेकंद, माझ्याकडे सगळं स्पष्टीकरण तयार होतं. त्यातलं काही मी सांगितलं नाही. "लागला तसे तुम्ही झोपी गेलात," मी म्हटलं. "तुम्हाला उठवायचं होतं."

त्यांनी डोळे मिटले. अल्ताफ घाबरून पुढे आला. पण कपाळाला ती आठी होती आणि छाती वरखाली होत होती. मग त्यांचा उजवा हात चादरीवरून उठला, अंगठा आणि बोट जुळलेलं. दोरा मागत होते. मी खिशातला तुकडा त्या चिमटीत दिला. त्यांनी तो फिरवून बघितला, पण बोटांत बळ नव्हतं, दोरा निसटून चादरीवर पडला.

तो त्यांनी चाचपून शोधला, माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझं बोट धरलं.

"तंबोरा घे इकडं," ते म्हणाले. "मी सांगतो. तू लाव."